दंड पैशात नको

सुरतेच्या नवागामातल्या त्या घरात राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरमालक जिना चढून वर आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं, "तुम्हाला खायला-प्यायला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

नव्या भाडेकरूंना काहीतरी पाठवणार असतील असं मला वाटलं. लाटणं बाजूला ठेवून मी म्हटलं, "चहा."

"मग उद्या दिवसभर चहा सोडा. सकाळी तुम्ही अंगणातला नळ चालू ठेवून आलात. बादली भरून वाहत होती."

मी म्हटलं, "काय असेल तो दंड सांगा, देऊन टाकते."

"दंड पैशात नको. पैसे दिले की माणूस मोकळा होतो. पुन्हा नळ चालू ठेवायला मोकळा." एवढं बोलून ते खाली गेलेसुद्धा. बोलणं संपायच्या आत त्यांचे पाय निघालेले असत.

मी काही चहा सोडणार नव्हते. परभणीहून सुरतेला आले ती कुणाच्या घरी शाळकरी पोरीसारखी शिक्षा भोगायला नाही, असं नवऱ्याला सांगून मी दुसऱ्या दिवशी सकाळी आधण ठेवलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली सुशीला दूध घेऊन वर आली आणि आधणाकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही प्या हवा तर. पण खाली मास्तरांनीही आज चहा घेतला नाही."

"त्यांनी का नाही घेतला?"

"दंड सांगितला की तेही सोडतात. जे ज्याला सांगितलं, तेच."

मी गॅस बंद केला. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, तेव्हा खाली अंगणात मास्तरही कपाळ चोळत फेऱ्या मारताना दिसले. मी विचारलं, तुम्ही कशाला हा त्रास करून घेता. ते म्हणाले, "शिक्षा सांगणाऱ्यालाही थोडी लागली पाहिजे. नाहीतर त्याला चटक लागते."

मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. गाव खानदेशातलं. बायको वारलेली, मुलगी सासरी, खालच्या दोन खोल्यांत एकटे. अंगाने काटकुळे, पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. आंबा खात नसत; काशीला जाऊन सोडलाय, असं गल्लीत म्हणायचे. आमच्याशी ते छापील मराठी बोलत, सुशीलाशी अहिराणी, आणि भाजीवालीशी एक अशी गुजराती, जी ऐकून भाजीवाली तराजू खाली ठेवून हसायची. त्यांना एका जागी ठरता येत नसे. जेवायचे तेसुद्धा उभ्याने, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अंगणात त्यांच्याबरोबर फेऱ्या घालायच्या आणि वळताना शब्द पकडायचे.

आणि शब्दांचा त्यांना नादच होता. सगळ्या शब्दांचा नाही. फुलांची नावं, नात्यांची नावं, म्हणी, यांत त्यांना काही गोडी नव्हती. माणसाच्या हातून काय सुटतं आणि कसं सुटतं, एवढ्याच शब्दांपाशी ते घुटमळत. मी तेव्हा उधन्याकडे साड्यांच्या घडी-पॅकिंगच्या कारखान्यात देखरेखीला होते. एकदा घरी येताना त्यांनी गाठलं.

"तुमच्याकडे साडीला डाग पडला तर काय करतात?"

"डॅमेज लागतं."

"कोणाला?"

"साडीला."

"आणि पगार कोणाचा कापतात?"

"जिच्या टेबलावर डाग सापडला तिचा."

"म्हणजे डॅमेज साडीला आणि दंड पोरीला." ते वळले, मी वळले. "दंड म्हटलं असतं तर तिला विचारता आलं असतं, माझा गुन्हा काय? डॅमेजला काय विचारणार? लबाड शब्द आहे."

मग पुढच्या फेऱ्यांत त्यांनी मला शिकवून टाकलं. दंड भरतात, शिक्षा भोगतात, प्रायश्चित्त घेतात. दंड दुसरा ठरवतो आणि आपण देतो, तो दिला की संपला. शिक्षा संपते पण अंगाला राहते. प्रायश्चित्त आपलं आपण ठरवायचं, म्हणून त्यात लबाडीला सगळ्यात जास्त जागा. आणि भुर्दंड? मी विचारलं. "भुर्दंड नुसता पडतो. चूक एकाची, पडतो दुसऱ्यावर. तुमच्या कारखान्यात पोरींवर पडतो तो भुर्दंड." त्याग हा शब्द मात्र त्यांना मुळीच खपत नसे. म्हणायचे, "मी त्याग केला असं जो स्वतः सांगतो, त्याच्या घरी जेवायला जाऊ नये. वाढताना हात आखडलेला असतो."

माफी या शब्दाशीही त्यांचं वाकडं होतं. सुशीलाच्या नवऱ्याने एकदा त्यांच्या तुळशीची कुंडी फोडली आणि हात जोडून म्हणाला, "मास्तर, माफ करा." मास्तर म्हणाले, "म्हणजे कुंडी तू फोडलीस आणि राग मी सोडायचा? आधी तू काहीतरी सोड." त्याने हप्ताभर तंबाखू सोडली. मास्तर तंबाखू खात नसत, त्यामुळे त्यांची अडचण झाली. आपण काय सोडायचं यावर दोन दिवस विचार करून त्यांनी सुपारी सोडली.

माझा नवरा हजीऱ्याला प्लांटवर शिफ्टमध्ये होता. त्याला हे सगळं सोंग वाटायचं. एकदा त्याने स्कूटर अंगणात मधोमध लावली, कुणालाच जाता येईना. मास्तरांनी खालून विचारलं, तुम्हाला काय आवडतं हो? नवरा गॅलरीतून म्हणाला, "कारलं. कारल्यावर जीव आहे माझा."

"मग आठवडाभर कारलं सोडा."

नवरा दिवसभर हसत होता. आठवडा संपला त्या सकाळी मास्तर स्वतः टोपलीभर कारली घेऊन वर आले. "आठवडाभर मन मारलंत. घ्या." त्यानंतर प्रत्येक बाजाराच्या दिवशी आमच्या दारात कारली येऊन पडू लागली. नवरा एकदा म्हणाला, "मास्तर, आता पुरे." ते म्हणाले, "आवडीला पुरे म्हणू नये." शेवटी त्याने जाऊन कबूल केलं की त्याला खरं म्हणजे भजी आवडतात. त्या महिन्यात पाऊस होता आणि आमच्या घरी भजी झाली नाहीत. खालच्या घरीही झाली नाहीत.

प्लेगच्या साथीनंतर शहराची साफसफाई जोरात सुरू झाली. रस्त्यावर कचरा टाकला की पालिकेचा माणूस तिथल्या तिथे पावती फाडायचा. मास्तरांनी एकदा कोपऱ्यावर नारळाच्या करवंट्या टाकल्या आणि पकडले गेले. करवंट्या आपल्या आहेत हे त्यांनी लगेच मान्य केलं. भांडण लागलं ते पावतीवरून. पावतीवर दंड लिहिलेलं नव्हतं, चार्ज लिहिलेलं होतं.

"काका, दंड नथी, वहीवटी चार्ज छे," तो माणूस समजावत होता, म्हणजे दंड नव्हे, कारभारखर्चाचा आकार. "भरी दो ने."

"चार्ज मी का भरू? मी काय वीज जाळली? मी गुन्हा केला आहे. गुन्हा लिहा, दंड लिहा, मी आत्ता देतो."

"एवुं लखाय नहीं, काका." तसं लिहिता येत नाही.

गल्लीतली पोरं जमली. पोरं घरी अहिराणी बोलायची आणि गल्लीत गुजराती, त्यामुळे मास्तरांचं म्हणणं त्यांनी त्या माणसाला समजावून सांगितलं आणि त्याचं मास्तरांना, आणि दोन्हीकडे थोडं तेल ओतलं. शेवटी त्या माणसाने कंटाळून पावतीच्या मागे पेनाने 'दंड' असं लिहून दिलं. मास्तर खूश. घरी आले ते करवंट्या परत उचलून घेऊनच, आणि पुढचा महिनाभर त्यांनी नारळ सोडला. मी म्हटलं, दंड तर भरलात, आता हे कशाला? ते म्हणाले, "तो त्यांचा झाला. हा माझा."

माणूस वेडगळ आहे असं ठरवून आम्ही सगळे त्यांच्याशी छान जमवून होतो. सुशीलाचा भाऊ येईपर्यंत.

सुशीलाचं माहेर दोंडाईच्याजवळ. नवरा लूमवर, तीही घरी बसून साड्यांना लेस लावायची. वडील आदल्या दिवाळीनंतर गेले होते. गावी शेत, विहीर, घर. आई होती, आणि हा एकच भाऊ. आखाजी जवळ आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी, कारण तेव्हा सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी जाते. भाऊ तिला न्यायला येतो. गल्लीतल्या बायका एकेक करून भुसावळ पॅसेंजरने निघून जात होत्या. सुशीलाने नव्या बांगड्या भरून घेतल्या होत्या, पिशवी भरली होती, आणि रोज एकदा ती पिशवी उघडून पुन्हा भरत होती.

भाऊ भर दुपारी आला. हातात बहिणीसाठी साडी, भाच्यांसाठी खाऊ. हात-पाय धुऊन झाल्यावर म्हणाला, "बाई, आखाजीले चाल. माय वाट देखी ऱ्हायनी." मग चहा पिता पिता त्याने सांगितलं की आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन हक्कसोडावर सही करून टाकू, म्हणजे शेत एकाच नावावर होईल आणि पुढे कटकट नको.

त्याच्या आवाजात काही लपवलेलं नव्हतं. लेकीने भावाला हक्क सोडून द्यायचा आणि साडी-चोळी घेऊन परत यायचं, हे त्याने जन्मभर पाहिलेलं होतं. आत्यांनी केलं, गावातल्या सगळ्या बहिणींनी केलं. सुशीलाही नुसती मान हलवून म्हणाली, "बरं." मीच तिला जिन्यावर गाठलं आणि सांगितलं की सही करू नकोस, कायद्याने भावाइतकाच हिस्सा तुझाही आहे. ती म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण ज्या बायकांनी हिस्सा घेतला, त्यांना आखाजीला कोण न्यायला येतं ते मी पाहिलंय. कोणी येत नाही."

आता नुसता मजकूर हवा होता. भावाला वाटलं, मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे, कच्चा मजकूर त्यांच्याकडून घ्यावा, म्हणजे तालुक्याला तोच उतरवता येईल. गल्लीतले सगळे अर्ज मास्तरच लिहीत. म्हणून आम्ही सगळे खाली ओट्यावर जमलो. मास्तर खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला लागले आणि थांबले.

"सुशीला, तू हक्क सोडतेस, की तुझ्या हातून सुटतो आहे?"

"मास्तर, ती सोडतेच आहे," भाऊ म्हणाला. "तुम्ही आपलं नेहमीचं लिहा. राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय."

"मी तिला विचारलं."

"तिला काय विचारायचं त्यात?"

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. "राजीखुशीने हे मी एकदा लिहिलं आहे," ते म्हणाले. "माझ्या बहिणीच्या कागदावर. वडील गेले तेव्हा. तिला वाचता येत नव्हतं. मी लिहिलं, राजीखुशीने सोडते, आणि तिचा अंगठा घेतला. वाचूनही दाखवलं नाही. तलाठी जेवायला निघाला होता, घाई होती."

ते चालतच होते.

"मग आखाजीला ती येत राहिली. आई होती तोवर. आई गेली त्या वर्षी बायको म्हणाली, यंदा राहू द्या, आणि मी शाळेच्या परीक्षांत होतो. पुढच्या वर्षी, मागच्या वर्षी बोलावलं नाही याची लाज वाटली म्हणून बोलावलं नाही. मग इकडे घर झालं. तिने कधी विचारलं नाही, मला का नेलं नाही. कशाच्या जोरावर विचारणार? त्या घरातलं तिचं काही मी ठेवलंच नव्हतं. तुम्ही सगळे म्हणता, मास्तरांनी काशीला जाऊन आंबा सोडला. काशी मी पाहिलेली नाही. आखाजीचा पहिला आमरस घशाखाली जाईना, म्हणून सुटला."

भावाचा चेहरा उतरला होता. पण बोलली सुशीला. हळू आवाजात, पण मी तिला तसं बोलताना आधी ऐकलं नव्हतं. "मास्तर, तुमचं प्रायश्चित्त माझ्या माहेरावर काढू नका. लिहा तुम्ही."

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. मग गेले, पेन उचललं आणि एका दमात सगळा मजकूर लिहिला. राजीखुशीनेही लिहिलं. वाचून दाखवला. भाऊ कागदाला हात लावणार, एवढ्यात सुशीला म्हणाली, "थांबा. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा. आखाजीला माहेरी यायचा हक्क माझाच राहील. आई असेपर्यंत, आणि आई गेल्यावरही. कोणी न्यायला आलं नाही तरी."

मास्तरांनी भावाकडे पाहिलं.

भाऊ उभा राहिला. रागापेक्षा त्याला लागलं होतं. "बहीन भाऊकडे येस, तेन्हासाठी कागद लागस का?" बहीण भावाकडे येते, त्याला कधी कागद लागतो का?

"मंग लिखाले काय जास तुन्हं?" मग लिहायला तुझं काय जातं?

"जास ना. गावमा काय सांगू? बहिणीने सरकारी शिक्का मारून माझ्याकडून जेवण लिहून घेतलं?"

"माय शे त माहेर शे, दादा. मास्तरच्या बहिणीचं ऐकलंस ना तू आत्ता." आई आहे तरच माहेर आहे, असं ती म्हणत होती.

भाऊ मास्तरांकडे वळला. "झालं तुमचं समाधान?" त्याने कागद घेतला नाही. साडी ओट्यावर ठेवली, खाऊ ठेवला, आणि बहिणीला न घेता उन्हात निघून गेला. सुशीला गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेली. तो थांबला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. सुशीलाने भरलेली पिशवी रिकामी केली नाही, आणि कुणाशी बोलतही नव्हती. मास्तर नळावर असले की ती बादली घेऊन परत फिरायची. हिस्सा तिने मागितला नव्हता, सोडायलाही ती तयार होती, आणि तरीही माहेर गेलं होतं. जे होऊ नये म्हणून तिने एवढी मोठी गोष्ट सोडायचं ठरवलं होतं, नेमकं तेच झालं. मला तिची दया येत होती आणि मास्तरांचा राग. त्यांनी आपली गोष्ट आपल्याजवळ ठेवली असती तर ती ओळ तिला सुचली नसती. आणि ती ओळ सुचायलाच हवी होती, असंही मला वाटत होतं. दोन्ही एकदम वाटायचं आणि कारखान्यात माझी घड्यांची मोजणी चुकायची.

मास्तर दिवसभर अंगणात फिरत. जेवणाचं ताट कट्ट्यावर तसंच वाळत पडलेलं दिसे. एका सकाळी माझ्या नवऱ्याला राहवलं नाही. गॅलरीतून तो म्हणाला, "मास्तर, आम्हाला नळावरून चहा सोडायला लावता. आता तुम्ही काय सोडणार?"

मी त्याला कोपराने ढोसलं. मास्तरांनी वर पाहिलं. "तेच शोधतोय," ते म्हणाले. दुपारी पाहिलं तर त्यांच्या दाराला कुलूप.

आखाजीच्या आदल्या दिवशी सुशीलाचा भाऊ दारात उभा. घामाघूम, केस धुळीने पांढरे. जिना न चढता खालूनच म्हणाला, "बाई, चाल. गाडीला वेळ नाही."

सुशीला कठडा धरून नुसती बघत राहिली. मीच विचारलं, "अहो, काय झालं?"

"काय व्हायचं? त्या म्हाताऱ्याला आवरा आधी." तो पायरीवर टेकला आणि सांगू लागला. मास्तर त्याच्या गावी गेले होते. टळटळीत दुपारी दारात जाऊन म्हणाले, चूक माझी आहे, ती ओळ तिच्या मनात मी घातली. सुशीलाच्या वहिनीने रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढे केला. मास्तर म्हणाले, पाणी नको. का नको? सुशीलाला आणायला तू निघालास की घेईन. त्यांच्याकडे उंबऱ्यात आलेला माणूस पाणी न घेता उभा राहिला तर घराला लागतं, असं मानतात. खानदेशातलं वैशाखातलं ऊन, दारात सावली नाही, सण तोंडावर, आणि हा म्हातारा माणूस कोरड्या ओठांनी अंगणात येरझाऱ्या घालतोय. शेजारपाजारचे जमले. आई काठी टेकत बाहेर आली. वहिनी रडायला लागली.

"मी त्यांना म्हटलं, तुम्ही आम्हाला का दंड करता? तर म्हणाले, दंड नाही, तुला कशाला दंड, मी माझं पाणी सोडलंय. आता याला काय म्हणायचं?" भाऊ आमच्याकडे असं बघत होता जसं काही आम्ही त्याला न्याय देणार आहोत. "मी चप्पल घातली तेव्हा कुठे तांब्या तोंडाला लावला. उरलेला अर्धा पायांवर ओतला."

"मग ते आहेत कुठे?" मी विचारलं.

"त्याच गाडीने आलेत. पलीकडच्या डब्यात बसले. म्हणाले, तुझ्याशी वाटेत बोललो तर सौदा होईल."

सुशीलाला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. तिने पिशवी उचलली. पिशवी भरलेलीच होती. गल्लीच्या तोंडाशी मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. ती त्यांच्याजवळून जाताना थांबली, पण भाऊ पुढून हाका मारत होता.

ती परत आली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "सही?"

"झाली नाही."

"म्हणजे तू नाही म्हणालीस?"

"मी कशाला नाही म्हणू? मीच दादाला विचारलं, तालुक्याला कधी जायचं? तो म्हणाला, आखाजी होऊ दे. आखाजी झाली. मी पुन्हा विचारलं. म्हणाला, एवढी काय घाई आहे तुला."

"आणि तुझी ओळ?"

"तिचा विषयही कोणी काढला नाही."

मला हे पटलं नाही. काम एकतर झालेलं असावं नाहीतर रद्द झालेलं असावं, मध्ये लोंबकळत राहिलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "ताई, लोंबकळतंय तोवर दादाला माझ्याकडे यावं लागतं." आम्ही सुरतेत होतो तोवर दर वर्षी तो येत राहिला, आणि दर वर्षी सही आखाजीनंतरवर राहिली.

मास्तरांना मी हे सगळं अंगणात चालता चालता सांगितलं. मला वाटलं, ते या लोंबकळत्या प्रकाराला काहीतरी शब्द देतील. त्यांनी फक्त विचारलं, "एवढी काय घाई आहे, असं भाऊ म्हणाला?"

"हो."

"तसंच म्हणाला? हसून म्हणाला की रागाने?"

"ते मी विचारलं नाही."

ते फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराला कुलूप लागलं. आता कुठे पाणी सोडायला गेले, असं नवरा म्हणाला, पण या वेळी तो थट्टा करत नव्हता. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला ते परतले. अंग आणखी उतरलेलं, हातात कापडाने तोंड बांधलेली टोपली. मी खालीच होते.

"बहिणीकडे गेला होतात?"

"हो."

"मग? जमीन?"

"कागद घेऊन गेलो होतो. निम्मी परत तुझ्या नावावर करतो म्हटलं. जेवायला वाढत होती. म्हणाली, दादा, माझी पोरं आता नीट नांदतायत, त्यांना भांडायला नवी जागा आणू नको." ते टोपली या हातातून त्या हातात घेत होते. "मी म्हटलं, मग मला काहीतरी दंड तरी सांग. ती म्हणाली, मला तो धंदा नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"राहिलो. तिने ठेवून घेतलं. निघताना ही टोपली दिली."

ते जिना चढू लागले. मीही मागून गेले, कारण मास्तर कधी सुशीलाच्या दारापर्यंत आपणहून गेलेले मी पाहिले नव्हते. सुशीला लेस लावत बसली होती. तिने मान वर केली. मास्तरांनी टोपलीवरचं कापड सोडलं. आत कुरडया होत्या, शेवया होत्या, उडदाचे पापड होते, माहेरून परत निघालेल्या लेकीला देतात तसं सगळं, अगदी कडेला हळकुंडसुद्धा.

"एवढं कुठून आणलंत, मास्तर?" ती म्हणाली.

"माहेरून," मास्तर म्हणाले. मग दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. "मला कुरडया तळता येत नाहीत. थोड्या तळून दे."

सुशीलाने साडी बाजूला सारली आणि कढई चुलीवर चढवली. तेल तापायला वेळ लागत होता.